यूट्यूबसाठीचं पेड एसईओ टूल: वर्षभर वापरल्यावर, आणि न विचारता रिन्यू झाल्यावर

एसईओ म्हणजे सर्चमध्ये आपला व्हिडिओ वर यावा यासाठीची खटपट. टूलचं नाव लिहीत नाही. ब्राउझरमध्ये एक्स्टेंशन म्हणून बसणारी, व्हिडिओला शंभरपैकी मार्क देणारी आणि टॅग (व्हिडिओला जोडायचे शोधशब्द) सुचवणारी जी दोन-चार टूल्स आहेत, त्यांतलंच एक. वापरणारे ओळखतील. फीचर्सची यादीही देत नाही, ती त्यांच्या साइटवर हवी तेवढी आहे.

लिहायला बसले त्याचं कारण पैशाचं आहे. वर्षाचा प्लॅन परवा आपोआप रिन्यू झाला. कार्डावरून पैसे कापण्याच्या निदान २४ तास आधी बँकेने कळवायचं असा नियम आहे, आणि बँकेने कळवलंही. पण मी तेव्हा डोंगरात होते आणि फोनला रेंज नव्हती. खाली सटाण्यात पोचलो तेव्हा ‘कापणार आहोत’ आणि ‘कापले’ हे दोन्ही मेसेज एकापाठोपाठ वाजले. रक्कम १५,००० च्या आत, त्यामुळे ओटीपीचाही प्रश्न आला नाही. किंमत डॉलरमध्ये, त्यावर बँकेचा परकीय चलनाचा मार्कअप, मार्कअपवर १८ टक्के जीएसटी. साइटवर दिसणारा आकडा आणि खात्यातून जाणारा आकडा यांचा मेळ कधीच बसत नाही, हे घेण्याआधी ध्यानात ठेवा.

रिफंड मागितला. चॅटवरच्या ‘सपोर्ट स्पेशालिस्ट’ने आधी माझं अभिनंदन केलं, दुसरं वर्ष सुरू झाल्याबद्दल. मग पॉलिसीची लिंक दिली. परतावा फक्त पहिल्या खरेदीवर, रिन्यूअलवर नाही. कोणीतरी माणूस मिळावा म्हणून तीच ओळ पुन्हा पुन्हा टाकत राहिले, तेव्हा एक मेल आला. त्यातही तीच लिंक. शेवटी बँकेच्या अ‍ॅपमधून ई-मँडेटच (कार्डावरून आपोआप पैसे कापायची परवानगी) रद्द करून टाकलं, म्हणजे पुढच्या वर्षी तरी हात घालता येणार नाही. टूलच्या साइटवर कॅन्सलचं बटण शोधत बसण्यापेक्षा ते सोपं पडलं.

आता टूलकडे वळते.

आमचा चॅनल छोटा. नाशिकहून शनिवार-रविवारी होतील तेवढे किल्ले. नवरा कॅमेरा धरतो, मी बोलते, एडिटिंग रात्री सगळं आवरल्यावर. जाहिरातीचे पैसे सुरू व्हायला १,००० सबस्क्रायबर आणि १२ महिन्यांत ४,००० तासांचा वॉच टाइम लागतो. सबस्क्रायबर झाले होते, तास काही होत नव्हते. व्ह्यूज यायचे ते माहेरच्या आणि सासरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून, आणि ग्रुपवरची माणसं अंगठा दाखवून मिनिटभरात पसार होतात. सर्चमधून जवळपास कोणीच येत नव्हतं. म्हणून हे टूल घेतलं.

मला त्याच्याबद्दल मुख्य राग आहे तो त्या गोलाचा. व्हिडिओ चढवताना शेजारी एक गोल दिसतो: लाल, केशरी, हिरवा. कीवर्ड, म्हणजे लोक शोधतात तो शब्द, टायटलमध्ये आला की मार्क, डिस्क्रिप्शनमध्ये आला की मार्क, टॅगची ५०० अक्षरांची जागा भरत आणली की गोल हिरवा. फाइलच्या नावातसुद्धा कीवर्ड हवा म्हणून हटून बसतो. व्हिडिओत काय आहे याच्याशी त्याला काडीचं देणंघेणं नाही. मी एकदा मुद्दाम नुसत्या काळ्या स्क्रीनची क्लिप अनलिस्टेड (लिंक असणाऱ्यालाच दिसेल अशी) ठेवून चढवली आणि तिला रायगडाचं टायटल, डिस्क्रिप्शन, टॅग दिले. ब्याण्णव मार्क! आमच्या खऱ्या रायगडाला एकोणसत्तर.

यूट्यूब स्वतःच्या हेल्पच्या पानावर स्वच्छ सांगतं की व्हिडिओ सापडण्यात टॅगचा वाटा अगदी थोडा आहे. लोक एखादं नाव चुकीच्या स्पेलिंगने शोधत असतील तर तेवढ्यापुरता उपयोग. डिस्क्रिप्शनमध्ये टॅगांचा ढीग ओतणं तर नियमाविरुद्ध आहे. आणि इथे ‘स्पर्धकाचे टॅग कॉपी करा’ असं ठळक बटण! त्याचे पैसे आपण भरायचे.

बरं, सुचवतं तरी काय? रायगडासाठी त्याने सर्वांत वर काढून दिलेला कीवर्ड होता इंग्रजी स्पेलिंगमधलं ‘रायगढ’. शोधणारे भरपूर, स्पर्धा कमी, गोल हिरवागार. असणारच, ते छत्तीसगडमधलं रायगढ. राजगडासाठी सुचवलं ‘राजगढ’, म्हणजे मध्य प्रदेशातला जिल्हा. नवऱ्याने हौसेने दोन्ही ठिकाणी दोन्ही टाकले, टायटलमध्येसुद्धा. आठवड्याभरात इंप्रेशन वाढले आणि घरात आनंदीआनंद. मग खाली कमेंट आली, ‘भैया, ये रायगढ में किस तरफ पड़ता है?’ बिचारा गावाजवळचा पिकनिक स्पॉट शोधत होता.

इंप्रेशन वाढले म्हणजे आपला थंबनेल (व्हिडिओचं छोटं चित्र) जास्त लोकांसमोर गेला एवढंच. त्यातल्या किती जणांनी क्लिक केलं ते वेगळं. यूट्यूबच्याच माहितीनुसार निम्म्या चॅनलांचं हे प्रमाण २ ते १० टक्क्यांमध्ये असतं. आमचं चारच्या आसपास होतं, ते दोनच्या खाली उतरलं. ज्यांनी क्लिक केलं तेही अर्ध्या मिनिटात निघून गेले. २०१२ साली यूट्यूबने नुसत्या व्ह्यूजऐवजी वॉच टाइमला महत्त्व द्यायला सुरुवात केली. तेव्हापासून असा उठून जाणारा प्रेक्षक न आलेला परवडतो.

हे मी टूलवाल्यांना कळवलं. उत्तर आलं की त्यांचा डेटा ‘देश: भारत’ असाच असतो. गूगल ट्रेंड्समध्ये फुकटात महाराष्ट्रापुरतं बघता येतं, आणि वेब सर्चऐवजी यूट्यूब सर्चही निवडता येतो. तिथे नेमका आकडा मिळत नाही, पण कुठल्या नावाने लोक जास्त शोधतात हे कळतं. आम्हाला तेवढंच हवं होतं.

देवनागरीचं तर विचारूच नका. टूलमध्ये ‘हरिश्चंद्रगड’ टाकलं तर ‘पुरेसा डेटा नाही’. तोच शब्द इन्कॉग्निटोमध्ये यूट्यूबच्या सर्चपट्टीत टाका, खाली सूचनांची रांग लागते: पाचनईची वाट, कोकणकडा, मुक्काम. खरी माणसं जे टाइप करतात ते फुकटात डोळ्यांसमोर.

इथपर्यंत लिहिलेलं वाचून नवरा म्हणाला, ‘टायटलचं पण लिही.’ लिहिते. न्याय सर्वांना.

आमची जुनी टायटल्स होती ‘सह्याद्रीच्या कुशीत, भाग ४’, ‘ढगांशी गुजगोष्टी’ अशी. नवऱ्याला काव्याचं अंग आहे. साल्हेरला जायचं असलेला माणूस सर्चमध्ये ‘ढगांशी गुजगोष्टी’ कशाला टाकेल, हे मी पहिल्या दिवसापासून सांगत होते आणि ते कोणी ऐकत नव्हतं. टूलने तसल्या प्रत्येक टायटलला लाल गोल दिला. लाल बघितल्यावर माणसाला पटलं! ‘ढगांशी गुजगोष्टी’चं झालं ‘साल्हेर किल्ला ट्रेक: वाघांबेची वाट, पाणी, मुक्काम’. किल्ल्याचं नाव अगदी सुरुवातीला, कारण टायटलला १०० अक्षरं मिळत असली तरी मोबाइलवर पुढचं कापलं जातं. तेव्हा पहिल्या वर्षाचे पैसे माझ्यापेक्षा त्याच्या शिकवणीचे गेले असं धरते.

दुसरी गोष्ट जुलैमधली. ११ जुलै २०२५ ला युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले: साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि तमिळनाडूतला जिंजी. यातल्या बऱ्याच किल्ल्यांवर आमचे व्हिडिओ आधीपासून पडून होते. दुसऱ्या दिवशीच यूट्यूब स्टुडिओत (चॅनल सांभाळायचं यूट्यूबचं पान) ‘यूट्यूब सर्च’खाली नवे शब्द दिसायला लागले: ‘१२ किल्ले नावे’, ‘साल्हेर किल्ला कुठे आहे’. (अ‍ॅनॅलिटिक्समध्ये ट्रॅफिक सोर्स उघडून यूट्यूब सर्चवर टिचकी मारली की लोक नेमके काय शोधून तुमच्यापर्यंत आले ते दिसतं. हे फुकट आहे आणि माझ्या मते सगळ्यात मौल्यवान पान हेच.) टूलचा ‘ट्रेंडिंग अलर्ट’ आला तो बातमी शिळी झाल्यावर, आणि सुचवलं काय, तर ‘मराठा मिलिटरी लँडस्केप्स ऑफ इंडिया’. नाव अधिकृत आहे, बरोबर आहे, पण रविवारी पोरांना घेऊन निघणारा कोणी हे टाइप करत नाही.

मात्र त्याच आठवड्यात टूलने मला गार केलं. सगळ्या किल्ल्यांच्या डिस्क्रिप्शनमध्ये युनेस्कोची ओळ आणि नव्या प्लेलिस्टची लिंक घालायची होती, शिवाय जुनी मेलची लिंक सगळीकडून काढायची होती. यूट्यूब स्टुडिओतही बरेच व्हिडिओ एकदम निवडून बदल करता येतात, पण एखादी ठरावीक ओळ शोधून तेवढीच बदलणं मला तिथे जमलं नाही. टूलमध्ये ‘शोधा आणि बदला’ आहे. जुनी लिंक वर टाकली, नवी खाली, बटण दाबलं आणि चहा होईपर्यंत संपूर्ण चॅनलचं काम झालं. हाताने केलं असतं तर गणपती आले असते. या एका गोष्टीसाठी माझा अर्धा राग गेला. उरलेला अर्धा गोलासाठी राखून ठेवलाय.

साल्हेरचा व्हिडिओ नंतर खरंच चालला, पण कशामुळे ते सांगते, कारण टूल दर महिन्याच्या मेलमध्ये त्याचं श्रेय घेतं. आम्ही डिस्क्रिप्शनमध्ये चॅप्टर, म्हणजे व्हिडिओतल्या भागांची वेळेसह यादी, टाकले. पहिला टाइमस्टँप ००:०० पासूनच हवा, निदान तीन हवेत, चढत्या क्रमाने, आणि प्रत्येक चॅप्टर किमान १० सेकंदांचा. नाहीतर यूट्यूब चॅप्टर दाखवतच नाही. आमचे असे होते: वाघांबेपर्यंत रस्ता, गाडी कुठे लावायची, साल्हेर-साल्होट्याची खिंड, पायऱ्या आणि दरवाजे, पाणी कुठे मिळतं, मुक्कामाची गुहा, परशुरामाचं मंदिर. चॅप्टरची नावं लोकांच्या प्रश्नांसारखी ठेवली. काही दिवसांनी गूगलवर ‘साल्हेर किल्ल्यावर पाणी आहे का’ टाकलं तर आमचा व्हिडिओ दिसला आणि खाली थेट पाण्याच्या भागावर नेणारी खूण. १५६७ मीटर उंचीचा, महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला. चढणाऱ्याला आधी पाण्याचीच चौकशी असते. १६७२ च्या लढाईचा भाग आम्ही आधी सुरुवातीला ठेवला होता, तो मंदिराच्या पुढे नेला. लढाईसाठी आलेला माणूस तिथपर्यंत थांबतो. वाटेची माहिती हवी असलेला पहिल्या मिनिटात मिळाली नाही तर निघून जातो. ४,००० तास भरले त्यात या एका व्हिडिओचा वाटा मोठा. टूलच्या गोलात चॅप्टरना मार्कच नाहीत.

थंबनेलचंही तेच. यूट्यूबच्या स्वतःच्या ‘टेस्ट अँड कंपेअर’मध्ये तीनपर्यंत थंबनेल लावता येतात आणि निकाल क्लिकवर नाही, वॉच टाइमवर लागतो. टूल त्याच कामासाठी महागडा प्लॅन घ्यायला सांगतं. नवऱ्याचा सूर्योदयाचा फोटो पायऱ्यांच्या साध्या फोटोसमोर हरला. त्यावर घरात फार चर्चा झाली नाही.

एक सल्ला टूलचा ऐकला आणि गोंधळ झाला तो सांगून ठेवते. ‘टायटलचं इंग्रजी भाषांतर जोडा, पोहोच वाढेल.’ जोडलं. अमेरिकेतल्या मराठी मुलांना बरंच पडेल असं वाटलं होतं. दोन दिवसांत पुण्याहून वहिनींचा फोन, ‘काय गं, आता इंग्रजीत करायला लागलात का व्हिडिओ?’ फोनची भाषा इंग्रजी असलेल्यांना इंग्रजी टायटल दिसायला लागलं होतं. आणि आपल्याकडे मराठी माणसांचे फोनही बहुतेक इंग्रजीतच असतात. भाषांतर काढून टाकलं. त्यापेक्षा व्हिडिओची भाषा सेटिंगमध्ये ‘मराठी’ करा आणि किल्ल्याचं रोमन लिपीतलं नाव डिस्क्रिप्शनच्या पहिल्या ओळीत एकदा लिहा. रोमनमध्ये शोधणारेही सापडतात आणि वहिनीही शांत.

तर पाचपैकी दोन. गोलाला शून्य, कीवर्डला अर्धा, ‘शोधा आणि बदला’ला दीड. सर्चपट्टीतल्या सूचना, स्टुडिओतले सर्चचे शब्द आणि गूगल ट्रेंड्स या तिन्हींवर ज्यांचं भागतं त्यांनी टूल घेऊच नये. मराठी चॅनलवाल्यांनी तर नाहीच. ज्यांचे शे-दीडशे व्हिडिओ साठलेत आणि डिस्क्रिप्शन एकदाच धुऊन काढायची आहेत त्यांनी महिन्याचा प्लॅन घ्यावा, एका शनिवारी काम उरकावं आणि त्याच दिवशी मँडेट रद्द करावं.

फक्त ‘शोधा आणि बदला’ दाबण्याआधी सगळी डिस्क्रिप्शन एका शीटमध्ये उतरवून ठेवा, कारण मागे फिरायचं बटण नाही आणि ते अख्खा शब्द न बघता मधली अक्षरंही पकडतं. कळसूबाईच्या व्हिडिओंसाठी ‘बारी’च्या जागी ‘बारी गाव’ करायला सांगितलं, तर रायगडाच्या डिस्क्रिप्शनमध्ये महाराजांच्या ‘दरबारी गाव जमलेल्या सरदारांचा’ उल्लेख उमटला होता. तीन आठवडे तसाच होता. त्यालाही गोल हिरवाच.