पोर्टेबल की काउंटरवरचं स्वाइप मशीन? अख्खा सीझन दोन्ही वापरून झाल्यावर

आमचं साड्या आणि ड्रेस मटेरियलचं छोटं दुकान आहे, पुण्यात पेठेतल्या एका जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर, आणि गणपतीच्या आधीपासून दिवाळीपर्यंत आम्ही प्रदर्शनांत स्टॉलही लावतो. म्हणून दोन्ही मशीन घेतली, काउंटरवर लॅनची वायर लावलेलं एक आणि सिमवर चालणारं बॅटरीवालं एक. कुठलं घेऊ असं बरेच जण विचारतात, तर सरळ सांगते, भाडं सगळ्यात शेवटी बघा, आधी तुमच्या जागेत रेंज येते का आणि गिऱ्हाईक नेमकं कुठे उभं राहून पैसे देतं ते बघा.

वाड्याच्या भिंती जाडजूड. पोर्टेबल मशीन आतल्या बाजूला नेलं की ते कनेक्टिंगवरच फिरत बसतं, दारात आणलं की लगेच होतं. आणि ऐन गर्दीत कार्ड घातलं, पिन टाकला, गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर पैसे गेल्याचा मेसेज आला पण आपल्याकडे स्लिपच नाही, असं झालं की समोरची बाई पण वैतागते आणि आपल्यालाही माल देता येत नाही. रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे, दुकानदाराकडे स्लिप आली नाही तर पैसे ५ दिवसांत आपोआप खात्यात परत गेले पाहिजेत, त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई. त्याची प्रिंट मी काउंटरवर चिकटवून ठेवलीये, ती दाखवली की माणसं बरीच शांत होतात. वायरवाल्या मशीनला आमच्याकडे हा त्रास जवळपास नाहीच, ब्रॉडबँड आणि लाइट चालू पाहिजे, बास.

पण वायरवाल्याची एक गोष्ट मला खरंच खटकते. वायर तोकडी, मशीनचं तोंड आमच्याकडे, त्यामुळे वयस्कर बायका सरळ "अगं तूच टाक गं" म्हणून चार आकडे मोठ्याने सांगतात, मागे लाइनीत माणसं उभी. टॅप करून पिन न टाकता ५,००० पर्यंतच जातं, पैठणीला तर पिन लागणारच. पोर्टेबल त्यांच्या हातात द्यायचं आणि आपण साडीची घडी घालायला वळायचं. आता मी लांब वायर टाकून घेतली आणि काउंटरवरचं मशीन गिऱ्हाइकाकडे फिरवून ठेवलंय, तुम्ही पण पहिल्या दिवशीच हे करा.

स्टॉलवर मात्र पोर्टेबलला पर्याय नाही. बॅटरी कार्डाने नाही तर प्रिंटिंगने संपते, म्हणून आम्ही दुकानाची कॉपी बंद केली आणि गिऱ्हाइकाला विचारूनच स्लिप देतो, तरी संध्याकाळी ऐन धंद्याच्या वेळेला प्रिंट फिकी यायला लागली की समजायचं चार्जर लावा, पॉवर बँक जवळ असू द्याच. हॉलमध्ये गर्दी झाली की सिमचं नेटवर्क बसतं, तेव्हा मोबाइलचा हॉटस्पॉट द्यायचा, म्हणून वायफाय नसलेलं पोर्टेबल घेऊच नका.

चार्जेसचा मशीनच्या प्रकाराशी फारसा संबंध नाही, ते कार्डावर ठरतं. यूपीआय आणि रुपे डेबिटवर २०२० पासून एमडीआर (दर व्यवहारामागे दुकानदाराकडून कापलं जाणारं शुल्क) शून्य, बाकीच्या डेबिट कार्डांना वर्षाची उलाढाल २० लाखांपर्यंत असेल तर जास्तीत जास्त ०.४० टक्के आणि त्याच्या वर असेल तर ०.९० टक्के. क्रेडिट कार्डाला अशी मर्यादा नाही, तिथे घासाघीस करायची, होते कमी, आम्ही करून घेतलीये.

एकच घ्यायचं असेल आणि स्टॉल, होम डिलिव्हरी काहीच नसेल तर डोळे झाकून वायरवालं घ्या. फिरता धंदा असेल तर वायफायवालं पोर्टेबल, पण सही करायच्या आधी ते मशीन तुमच्या दुकानात सगळ्यात आतल्या कोपऱ्यात उभं राहून चालवून दाखवायला सांगा, आणि मशीनसाठी भरलेली ठेव कधी नि कशी परत मिळणार, मशीन बिघडलं तर बदलून किती दिवसांत देणार, हे लेखी घ्या.