मलबा ठेकेदाराचा

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील आमच्या जुन्या घरात दिवाणखान्याचे छत लोखंडी गर्डरांवर दगडी पटिया, म्हणजे लांब सपाट फरश्या, टाकून आणि वर चुन्याचा कोबा करून बांधलेले होते. ते दोन पावसाळे गळत राहिले, तेव्हा एका परिचिताने पाठवलेल्या ठेकेदाराने काठीने चार ठिकाणी ठोकून पाहिले आणि पटिया कुजल्या आहेत, सगळे उतरवून स्लॅबच टाकावा लागेल, असे सांगितले. दगड कुजतो कसा, हे मी त्याला विचारले नाही, याची आजही लाज वाटते.

त्याच्या अंदाजपत्रकात ‘मलबा ठेकेदाराचा’ अशी एक ओळ होती. मलबा म्हणजे माती, चुना आणि तुकडे, अशी माझी समजूत; त्याने मात्र त्या ओळीच्या आधारे सातही गर्डर आणि अखंड निघालेल्या पटिया उचलून नेल्या. सहा इंची गर्डर मीटरला साधारण १५ किलो भरतो. साडेचार मीटरचे सात गर्डर म्हणजे जवळपास पावणेपाच क्विंटल लोखंड झाले, आणि ते वाहून नेण्याची मजुरीही आम्हीच दिली.

सळई १० मिलिमीटरची ठरली होती. जाळी बांधली त्या दिवशी मी घरीच होतो, पण ती मोजली नाही, आणि काँक्रीट पडल्यावर आतले काही दिसत नाही. पुढे चौथ्याच दिवशी, दुसऱ्या कामावर हवेत म्हणून, त्याने खालचे टेकू काढून नेले. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या, म्हणजे दोन आधारांमधल्या अंतराच्या, स्लॅबखाली टेकू निदान ७ दिवस ठेवावेत, असे काँक्रीटच्या बांधकामाचे भारतीय मानक ४५६ सांगते. आमचा गाळा १४ फुटांचा, म्हणजे त्याच मर्यादेतला. शिवाय मे महिन्याच्या उन्हात निदान १० दिवस स्लॅब ओला ठेवायला हवा होता, तिथे त्याच्या माणसांनी तीन दिवस पाणी मारले. मग उरलेले पैसे घेऊन तो गेला, तो पुन्हा फोनवरही सापडला नाही.

पहिल्याच पावसात स्लॅबला मधोमध भेग पडली. माझा भाचा स्थापत्य अभियंता आहे. त्याने अंगणात राहिलेल्या सळईचा बरोबर एक मीटर तुकडा कापून वाण्याच्या काट्यावर ठेवला. मिलिमीटरमधल्या व्यासाच्या वर्गाला १६२ ने भागले की मीटरमागे किलोत वजन मिळते, हे गणित त्याने तेव्हा सांगितले. १० मिलिमीटरची सळई ६१७ ग्रॅम भरायला हवी होती, आमची भरली ३९० ग्रॅम. म्हणजे ती ८ मिलिमीटरची होती आणि तेवढ्याच सळयांत लोखंड एक तृतीयांशाहून अधिक कमी पडले होते.

त्यानंतर भाच्याने शेजारच्या खोलीचे, त्याच काळातले छतही तपासले. पटिया शाबूत होत्या, फक्त सांध्यांतला चुना झडला होता. सांधे खरवडून भरले, कोबा दुरुस्त केला, आणि ती खोली त्यानंतर गळली नाही. दिवाणखान्यात मात्र भाच्याने सुचवलेले लोखंडी टेकू अजून उभे आहेत.