सायकल डवरा घेता का? मग मापाचा घ्या

वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीच्या बाजूला एका गावात बस स्टँडमागं वेल्डिंगचं दुकान आहे, तिथला सायकल डवरा, म्हणजे तासातलं तण काढायचं हातानं ढकलायचं चाकाचं अवजार, मागच्या हंगामात घेतला होता. कपाशीत झाला, सोयाबीनमध्येही झाला, म्हणून आता लिहून राहिलो. ज्याच्याकडे बैलजोडी आहे त्यानं याच्या नादी लागू नये, बैलाच्या डवऱ्याची सर याला नाही. पण दोन-तीन एकरवाल्याला जोडी पोसणं परवडत नाही अन् निंदणाच्या मजुरीचं तर विचारूच नका, त्याच्या कामाची वस्तू आहे.

दुकानवाल्या भाऊनं पहिला डवरा अकोल्याच्या कृषी विद्यापीठातलं मॉडेल पाहून बनवला, पंजाबराव देशमुखांच्या जयंतीला, २७ डिसेंबरला, तिथं प्रदर्शन भरते ना, तिथं पाहून आला होता. मॉडेल काही वाईट नव्हतं, पण गावातल्या बायांनी तो दुपारपर्यंत चालवला अन् धुऱ्यावर टाकून दिला. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता तुम्हाला चालवताच येत नाही. हा बाबा वावरात जाऊन बसला. एक काकू म्हणे, "भाऊ, हा दांडा तुया उंचीचा हाय, माया तं छातीले लागते." म्हणून आता दांडा पाइपात पाइप, भोकं पाडलेली, कोपराच्या जरासा खाली येईल असा बसवून देते. मूठ जाड होती, हातात धरवत नव्हती, तर बारीक पाइप घेऊन त्यावर सायकलची जुनी ट्यूब चढवली, पाण्यापावसात हात घसरत नाही. अन् पास, म्हणजे तण कापणारं पातं, खालीवर करायचा बोल्ट आधी पान्यानं फिरवा लागे, आता वावरात पाना कोण नेते हो? तर त्या बोल्टला आडवी सळई वेल्ड करून दिली, नुसत्या हातानं फिरते. मला तर सगळ्यात जास्त हेच आवडलं.

पास ट्रकच्या पाट्याची आहे, लवकर बोथट होत नाही. तिचा उतार महत्त्वाचा बरं का, नाक जास्त खाली झालं की मातीत घुसून बसते, सपाट राहिली तर वरच्यावर घसरते अन् तण तसंच. दोन बोटं खोल चालली पाहिजे, त्याच्या खाली गेली की कपाशीच्या वरच्या मुळ्या तुटते. शेजाऱ्यानं ऑनलाइन मागवलेला डवरा दिसायला चकाचक, पण उतार फिक्स अन् दांडाही फिक्स, सध्या त्यावर कोंबड्या बसते.

आता तक्रारी. वाफसा नसताना घातला की काळी माती चाकाला अन् चाक धरणाऱ्या चिमट्याला अशी भरून येते की ढकलवत नाही. भाऊनं चिमटा रुंद केला पण फरक थोडाच पडला. हराळी अन् नागरमोथा वरून कापला जाते, आठवड्यात पुन्हा हजर, अन् दोन झाडांच्या मधलं तण शेवटी विळ्यानंच काढा लागते.

त्याच दुकानात पऱ्हाटी, म्हणजे कपाशीचं वाळलेलं झाड, उपटायचा चिमटा पण भेटते. बोंडअळीमुळं फरदड, म्हणजे वेचणी झाल्यावरही तीच कपाशी, वावरात ठेवू नका म्हणून कृषी विभाग दरवर्षी सांगते, अन् हातानं पऱ्हाट्या उपटल्या की तळहात सोलून निघते, तर चिमटा पाहिजेच. पण जमिनीत ओल असली तरच जमते, भेगा पडलेल्या वावरात खोड कटकन तुटते अन् मूळ खालीच राहते. भाऊला सांगितलं तर म्हणे दात बदलून पाहतो, अजून पाहूनच राहिला.

डवरा मला दोन हजाराच्या आत पडला. जून लागला की तिथं गर्दीच गर्दी, उन्हाळ्यातच जाऊन या, अन् घरची जी बाई डवरणार आहे तिला सोबत न्या, माणसाच्या मापानं तो दांडा बसवूनच देत नाही.