यंत्राला न लावता मिळालेला पीयूसी

सुरतेहून पुण्याला बदली झाल्यावर आमच्या गाडीच्या कागदपत्रांच्या कामात एका एजंटाने माझी फसवणूक केली. परराज्यातून गाडी आणणाऱ्या कोणालाही असा माणूस भेटू शकतो, म्हणून घडले ते सविस्तर लिहीत आहे.

गाडी पेट्रोलची, बीएस-४ या प्रदूषण मानकाची. सुरतेत एका गॅरेजने तिला सीएनजी किट बसवले आणि आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर, नोंद करून देण्याचे आश्वासन दिले. प्रत्यक्षात आरसीवर इंधन ‘पेट्रोल’ एवढेच राहिले. पुण्यात पीयूसीची, म्हणजे गाडीच्या धुराच्या चाचणीनंतर मिळणाऱ्या प्रमाणपत्राची, मुदत संपली, तेव्हा केंद्रावरील तरुणाने डिकीतले सिलिंडर पाहून आधी आरसी दुरुस्त करून घ्या, असे सांगितले. त्याचे म्हणणे बरोबर होते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार किट मान्यताप्राप्त असले तरी बदलाची नोंद आरसीवर व्हावीच लागते, आणि कलम ४७ नुसार गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून अधिक राहिली तर नवा क्रमांक घ्यावा लागतो.

ही दोन्ही कामे आणि पीयूसी मिळून २२,००० रुपयांत करून देतो, असे केंद्राबाहेर भेटलेल्या एजंटाने सांगितले. त्याने मूळ आरसी, एनओसी (ना-हरकत प्रमाणपत्र) आणि नंबरप्लेटचा फोटो घेतला, निम्मी रक्कम यूपीआयने मागितली, आणि त्याच संध्याकाळी पीयूसी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. गाडी तेव्हा सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी होती. मी विचारल्यावर ‘ऑनलाइन झाले’ एवढेच उत्तर आले. प्रमाणपत्रावर मी दिलेलाच फोटो होता, आणि क्यूआर कोड स्कॅन केल्यावर उघडणारे पान सरकारी संकेतस्थळासारखेच दिसत होते.

खरा प्रकार आरटीओत तपासणीच्या वेळी उघड झाला. निरीक्षकांनी गाडीचा क्रमांक आणि चेसिस क्रमांकाची शेवटची पाच अक्षरे परिवहनच्या अधिकृत संकेतस्थळावर टाकली, तेव्हा तेथे त्या पीयूसीची नोंदच नव्हती. किटचे म्हणून जोडलेले मान्यतापत्र दुसऱ्याच कंपनीच्या किटचे होते आणि त्यावरील क्रमांक सिलिंडरवर कोरलेल्या क्रमांकाशी जुळत नव्हता. एजंटाला फोन केला, तर मूळ कागद हवे असतील तर उरलेली रक्कम आधी पाठवा, असे तो म्हणाला, आणि नंतर त्याचा फोन लागेनासा झाला.

पैशांपेक्षा मला दुसऱ्या गोष्टीचा अधिक संताप येतो. बीएस-४ पेट्रोल गाडीच्या धुरात, इंजिन जागेवर चालू असताना, कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएमच्या (दहा लाखांत २०० भागांच्या) आत असावे लागतात. ते मोजण्यासाठी यंत्राची नळी सायलेन्सरमध्ये घालावीच लागते, घरबसल्या ते कळण्याचा कोणताही मार्ग नाही. पुढे अधिकृत किट केंद्रात गाडी दाखवली तेव्हा गॅसचे मिश्रण चुकीचे लावलेले निघाले, आणि सिलिंडरची दर तीन वर्षांनी करावयाची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने घ्यायची चाचणीही, झालेली नव्हती. सुमारे २०० बार दाबाचा गॅस भरलेले ते सिलिंडर मागच्या सीटच्या पाठीशी ठेवून आम्ही मुलांना घेऊन फिरत होतो, आणि हातातला कागद सर्व ठीक असल्याचे सांगत होता.

म्हणून पीयूसी काढताना गाडीजवळ उभे राहावे, यंत्रावरचे आकडे पाहावेत, आणि क्यूआर कोडवर विसंबून न राहता अधिकृत संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करून नोंद तपासावी. चाचणीत गाडी नापास झाली तर तशी स्लिप देण्याची तरतूद २०२१ पासून आहे. ती मागून घ्यावी, कारण दुरुस्ती नेमकी कशाची करायची हे मेकॅनिकला त्यावरून कळते. वैध पीयूसी नसल्यास कायद्यात १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे, आणि या भीतीचाच हे लोक फायदा घेतात. मूळ आरसी व एनओसी कोणाच्याही हाती सोडू नये.

यूपीआयचे व्यवहार क्रमांक देऊन १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर आणि पोलीस ठाण्यात तक्रार केली आहे. आरसी हरवल्याची नव्हे, तर ती अडवून ठेवल्याची नोंद तक्रारीत आग्रहाने करून घेतली, कारण ते मूळ कागद अजूनही त्याच माणसाकडे आहेत.