अंग भरायचंय: दूध-पनीर ठेवावं की पूर्ण व्हीगन व्हावं?

जिम लावून थोडे दिवस झाले की शाकाहारी माणसाला दोन सल्ले हमखास मिळतात. पहिला ट्रेनरचा, ‘निदान अंडी तरी सुरू करा’. दुसरा हल्ली मोबाइलवरून येतो, ‘दूधही सोडा, व्हीगन व्हा’. अंडी-मांस खायचंच नाही हे ठरलेलं असेल, तर उरतो तो दुसराच प्रश्न. प्राण्यांचे हाल नकोत म्हणून दूध सोडणार असाल तर तुमचा निर्णय झालेलाच आहे, तुम्हाला फक्त हिशेब बसवायचाय. पण शरीरापुरता विचार करत असाल, तर दोन्ही ताटं शेजारी मांडून बघू.

आधी गरज किती ते. आयसीएमआर-एनआयएन या आहारावर संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थेच्या 2020 च्या शिफारशीप्रमाणे निरोगी माणसाला वजनाच्या किलोमागे रोज 0.83 ग्रॅम प्रथिनं पुरतात. वजनं उचलून स्नायू वाढवायचे असतील तर हा आकडा साधारण 1.6 पर्यंत जातो. त्यापुढे फायदा फारसा वाढत नाही. म्हणजे 65 किलोच्या माणसाला रोज 104 ग्रॅम.

आता आपलं नेहमीचं जेवण धरा. सकाळी शेंगदाणे घातलेले पोहे, दिवसभरात चार पोळ्या, थोडा भात, दोन वाट्या वरण, एक वाटी मटकीची उसळ, एक भाजी, दोन कप चहा. सगळं मिळून 45 ते 50 ग्रॅम. घट 55 ग्रॅमची आहे. ती दुधाने भरायची की दुधाशिवाय, एवढाच वाद.

दुधाच्या बाजूने भरायची तर सोपा मार्ग असा: पाव किलो दही, 100 ग्रॅम पनीर आणि व्हे प्रोटीनचा (दूध नासवल्यावर उरणाऱ्या पाण्यातल्या प्रथिनांची पावडर) एक स्कूप. झाले 50 ते 53 ग्रॅम, कॅलरी साडेपाचशे-सहाशे. व्हे नको असेल तर मात्र अर्धा लिटर दूध, पाव किलो दही आणि दीडशे ग्रॅम पनीर लागतं. प्रथिनं तेवढीच, पण कॅलरी नऊशेच्या पुढे आणि चरबी साठ ग्रॅमच्या आसपास. इथेच पुष्कळांचं गणित चुकतं. कोल्हापुरात गंगावेशीच्या कट्ट्यावर समोर पिळलेलं म्हशीचं धारोष्ण दूध पिणारा पैलवान तालमीत घाम गाळून ते जिरवतो (बाकी कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिससारखे आजार येतात, तेव्हा तापवलेलंच बरं). दिवसभर खुर्चीत बसून संध्याकाळी पाऊण तास जिम करणाऱ्याने तोच खुराक लावला तर दंडाआधी पोट वाढतं. अशांनी गायीचं किंवा टोण्ड दूध घ्यावं, आणि दही फडक्यात बांधून त्याचा चक्का करावा. श्रीखंडाचा चक्का साखर न घालताही खाता येतो, हे आपण विसरूनच गेलोय. पनीर घेताना पाकिटावर ‘ॲनालॉग’ लिहिलंय का तेवढं बघा. ते वनस्पती तेल घालून केलेलं असतं आणि त्यात पनीरएवढी प्रथिनं असतीलच असं नाही.

व्हीगन बाजूला 50 ग्रॅम कोरडे सोया चंक्स (26 ग्रॅम प्रथिनं), दीडशे ग्रॅम टोफू म्हणजे सोयाचं पनीर (18 ते 20), मूठभर फुटाणे आणि मूठभर शेंगदाणे. दुधाच्या चहाचे तीन ग्रॅम गेले ते धरूनही भरपाई होते, कॅलरी साडेसहाशेच्या आसपास. व्हे नसलेल्या दुधाच्या ताटापेक्षा हे हलकं आहे, आणि बरंच स्वस्तही. वीस ग्रॅम प्रथिनं पनीरमधून घ्यायला साधारण चाळीस रुपये मोडतात, सोया चंक्समधून दहाच्या आत. टोफू मात्र महाग, आणि तालुक्याच्या गावात शोधावाच लागतो.

पण स्नायू तसेच वाढतात का? ब्राझीलमध्ये साओ पावलोत झालेला आणि 2021 मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास यावर थेट आहे. 19 व्हीगन आणि 19 मिश्राहारी तरुणांनी 12 आठवडे पायांचा वजनांचा व्यायाम केला. दोन्ही गटांची प्रथिनं किलोमागे 1.6 ग्रॅमवर आणली. एकाला वरकड सोया प्रोटीन, दुसऱ्याला व्हे. पायांचे स्नायू आणि ताकद, दोन्ही सारखंच वाढलं. लहान अभ्यास आहे, पण त्याचा रोख ‘शाकाहारात काही होत नाही भाऊ’ म्हणणाऱ्यांना ऐकवण्यासारखा आहे. एक बारकावा तेवढा लक्षात ठेवा. स्नायू बांधायची कळ दाबणारं ल्युसिन हे अमिनो आम्ल व्हेमध्ये जास्त असतं, त्यामुळे सोयाचं किंवा डाळीचं माप थोडं वाढवून घ्यावं. अशीच आणखी दोन अमिनो आम्लं: तृणधान्यात लायसिन कमी, डाळीत मिथिओनिन कमी; वरण-भात आणि भाकरी-पिठलं ही घट आपोआप भरून काढतात, दोन्ही एकाच घासात असायची गरज नाही.

माझ्या मते कौल लावणारा प्रश्न दुधाचा नाहीच. सोया तुमच्या घशाखाली उतरतो का, हा आहे. उतरत असेल तर व्हीगन राहून अंग भरणं अवघड नाही. उतरत नसेल किंवा त्याची ॲलर्जी असेल, तर वाटाण्याच्या प्रथिनांची पावडर घ्यावी लागते, आणि तीही नको म्हटलं तर रोज दोन-अडीचशे ग्रॅम डाळ-कडधान्य जास्तीचं खावं लागतं. पोटाचं काय होईल ते सांगायला नको. अशा माणसाने दूध सोडू नये.

गंमत म्हणजे सोयाबीन आपल्याकडे उदंड पिकतं. लातूरच्या बाजारातले भाव रोज पेपरात येतात. पण त्याचं तेल निघतं, आणि प्रथिनं राहतात ती पेंड कोंबड्यांना जाते. म्हणजे चिकन खाणारासुद्धा सोयाच खातो, कोंबडीमार्फत. ‘सोयाने पुरुषांचे हार्मोन बिघडतात’ ही भीती मात्र सोडून द्या. नेहमीच्या प्रमाणात पुरुषांच्या टेस्टोस्टेरॉनवर परिणाम होत नाही, हे अनेक अभ्यास एकत्र तपासून दिसलंय. थायरॉइडची गोळी चालू असेल तर गोळी आणि सोया यांच्यात काही तासांचं अंतर ठेवावं. उग्र वास हीच खरी अडचण, आणि तिचा इलाज पातेल्यातच आहे. मिठाच्या पाण्यात चंक्स दहा मिनिटं उकळायचे, गार पाण्यात टाकून घट्ट पिळायचे, पुन्हा पाणी घालून पुन्हा पिळायचे, मगच कांदा-खोबऱ्याच्या वाटणात सोडायचे. पिळायचा आळस केला की रस्सा वाया जातो.

आता बी-12 जीवनसत्त्व. इथे दूधवाले फार निर्धास्त असतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत मध्यमवयीन पुरुषांपैकी सुमारे दोन तृतीयांश जणांत बी-12 कमी आढळलं, शहरी मध्यमवर्गात तर त्याहून जास्त. ही माणसं काही व्हीगन नव्हती. दोन कप चहातल्या दुधाने पुरेसं बी-12 मिळत नाही, रोज अर्धा लिटर दूध-दही पोटात गेलं तर जेमतेम गरज भागते. व्हीगन माणसाने गोळी घ्यावीच. स्पिरुलिना (शेवाळाची पावडर), ताक न घालता आंबवलेले पदार्थ, न धुतलेली भाजी हे सगळे उपाय फोल आहेत. भरपूर पालेभाजी खाणाऱ्याच्या रक्तात फोलेट (बी गटातलंच दुसरं जीवनसत्त्व) चांगलं असल्याने बी-12 कमी असूनही पंडुरोग (ॲनिमिया) दिसत नाही, आणि तळपायाला मुंग्या येईपर्यंत मज्जातंतूंची झीज कळत नाही. तेव्हा दोघांनीही रक्त तपासून डॉक्टरांना मात्रा विचारावी. ड जीवनसत्त्व त्याच फेरीत बघून घ्या. व्हीगनांनी एक पाहावं: बाजारातलं डी-3 बहुधा मेंढीच्या लोकरीच्या चरबीपासून बनतं आणि कॅप्सूल प्राणिजन्य जिलेटिनची असते, दगडफुलाच्या जातीच्या शैवाकापासून केलेलंही मिळतं.

कॅल्शियममध्ये दूध सरळ पुढे आहे: अर्ध्या लिटरमध्ये 600 मिलिग्रॅम, रोजची गरज 1000. व्हीगन माणसाला नाचणीच्या भाकऱ्या, तीळ आणि कॅल्शियम सल्फेटने गोठवलेला टोफू यांची मोट बांधावी लागते. बदामाच्या पेयावर विसंबू नका, पेलाभर प्यायलं तरी प्रथिनं एखादाच ग्रॅम. क्रिएटिन (जिममध्ये ताकदीसाठी घेतात ती पावडर) दोघांनाही अन्नातून जवळपास मिळत नाही; ते कारखान्यात बनतं, व्हीगनच असतं, रोज 3 ते 5 ग्रॅम पुरतं. लोहासाठी उसळीवर लिंबू पिळा आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नका, हे दोघांनाही सारखंच. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर यातलं काहीही वाढवण्याआधी डॉक्टर.

दूध पचत नसेल, पैसे जपून वापरायचे असतील आणि सोया आवडत असेल, तर मी व्हीगन बाजूला कौल देईन. स्वयंपाक दुसऱ्याच्या हातात असेल, जेवण मेसचं किंवा डब्याचं असेल, तर दही आणि व्हे ठेवावं; मेसवाले काका तुमच्यासाठी वेगळा टोफू करणार नाहीत. त्यातूनही व्हीगन व्हायचंच असेल तर खोलीवर विजेची किटली, सोया चंक्सचं पाकीट आणि फुटाण्याचा डबा ठेवा. उकळून पिळलेले चंक्स मेसच्याच आमटीत टाकले की वेगळी भाजी लागत नाही.