रील की रिक्षा?

निवडणूक लागली की सोलापुरात दोन तऱ्हेची गाणी सुरू होतात. एक रिक्षावरच्या भोंग्यातलं. दुसरं मोबाइलवरच्या रीलमधलं: चालू हिट गाण्याची चाल उचलायची, शब्द बदलायचे आणि अर्ध्या मिनिटात विरोधकाची टर उडवायची. पहिल्यांदा मत देणाऱ्यांसाठी यातलं कुठलं बरं?

अठरा-वीस वर्षांची पोरं रिक्षाकडे ढुंकूनही बघत नाहीत. रील मात्र सात रस्ता चौकात चहा हातात येईपर्यंत चार ग्रुपवर फिरलेली असते. चाल आधीच ओठांवर असते, त्यामुळे नवे शब्द चटकन बसतात. खरी चलाखी तीच. पण हशा पिकतो तो ओळीवर. दुसऱ्या दिवशी विचारा, कुठल्या पक्षाची होती रे? डोकं खाजवतात. शिवाय गाण्याच्या मालकानं हक्क सांगितला की रील उडू शकते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात विडंबनाला नाव घेऊन सूट दिलेली नाही.

रिक्षा कंटाळवाणी, कबूल. रात्री दहा ते सकाळी सहा भोंगा बंद. पण पूर्व भागात ती तेलुगूत बोलते, विजापूर वेशीत उर्दूत, आणि नाव, चिन्ह, प्रभाग तिन्ही सांगून जाते. (काही दिवसांच्या खंडानं येणाऱ्या नळाच्या पाण्यावर मात्र दोघींचीही दातखीळ!)

पहिल्यांदा मत देणाऱ्यांसाठी मी रीलच निवडेन, शेवटच्या ओळीत चिन्ह असेल तर. एक गोष्ट खटकते. सोशल मीडियावरच्या राजकीय जाहिरातींना निवडणूक आयोगाचं पूर्वप्रमाणन, म्हणजे आधी घेतलेली मंजुरी, लागतं. कार्यकर्त्याच्या खात्यावरून ‘सहज’ आलेलं विडंबन मात्र जाहिरात मानायचं का, आणि कोणाच्या निवडणूक खर्चात धरायचं?