पॅकवुड हाउस: झाडं बघालच, भिंत चुकवू नका

बर्मिंगहॅमकडे राहत असाल आणि भारतातून आलेल्या पाहुण्यांना कुठे न्यायचं हा प्रश्न पडला असेल, तर लॅपवर्थजवळचं पॅकवुड हाउस जरूर करा. जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेचं आहे, सभासदांना तिकीट नाही. वाडा ट्यूडर काळातला. ग्रॅहॅम बॅरन अ‍ॅश या मालकाने तो हौसेने सजवून १९४१ साली ट्रस्टला देऊन टाकला. बरा आहे, अर्ध्या तासात उरकतो. गर्दी होते ती बागेतल्या कातरलेल्या, थोराड यू-झाडांपाशी.

मला विचाराल तर बघण्यासारखी आहे ती भिंत. यू-बागेच्या कडेला उंचावरून जाणारी वाट आहे, तिच्या दक्षिणेकडच्या विटांच्या भिंतीत ओळीने ३० कोनाडे. "पणत्या लावत असतील गं," सासूबाई म्हणाल्या. तर नाही, ही मधमाश्यांची घरं! म्हणजे घरांचे आडोसे. पूर्वी इथे माश्या पाळायच्या त्या पेंढ्याच्या उपड्या टोपलीत. पेंढ्याचा दोर वळून गोल गोल चढवत न्यायचा आणि काटेरी ब्रॅम्बलच्या सालीने शिवायचा. पेंढा पावसात कुजतो, आणि पाऊस तर इथे पाचवीला पुजलेला. म्हणून भिंतीतच जागा ठेवायची: एका कोनाड्यात एक टोपली. तोंड दक्षिणेला, म्हणजे ऊन मिळतं, वारा लागत नाही. उन्हाच्या दिवशी विटांवर हात ठेवून बघा, भिंत चांगली तापलेली असते.

एक गोष्ट मात्र मला पचली नाही. मध काढायचा तर बहुतेक वेळा गंधकाची धुरी देऊन अख्खी वसाहतच मारायचे. आमच्या महाबळेश्वरकडे सातेरी जातीच्या मधमाश्यांच्या पेटीतून पोळ्याची चौकट उचलून मध काढतात, माश्या जिवंत राहतात. अमेरिकेत लँगस्ट्रॉथने १८५१ साली तशी सुट्या चौकटींची पेटी काढली आणि हळूहळू टोपल्या गेल्या, कोनाडे ओस पडले. इव्हा क्रेन या विदुषीने १९५२ पासून ब्रिटनभरच्या अशा भिंतींची नोंद सुरू केली, म्हणून आज त्यांचा एवढा पत्ता तरी लागतो.

वेळ उरलाच तर जवळच बॅडस्ली क्लिंटन आहे, भोवती पाण्याचा खंदक असलेला वाडा. दोन्ही एका दिवसात करणार असाल तर डबा सोबत घ्या.